उशिरा उमटलेली लाट

मालपोटे मॅडम मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'पण मनाने किती चांगल्या होत्या' अशा शेवटाची कुणी वाट बघत बसायला नको. त्यांचं मन कसं होतं ते मला माहीत नाही. मन दाखवायची त्यांना सवय नव्हती आणि मलाही ते बघायची हौस नव्हती. मी त्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांची बोलणी खाल्ली, घरी जाऊन आईजवळ त्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिले. नावडतं माणूस विसरता येतं, असं नसतं. कितीतरी आवडती माणसं माझ्या आठवणीत पुसट होत गेली. ही बाई मात्र अजून लख्ख आहे.

आकुर्डी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खाजगी हॉस्पिटल आहे. त्याच्या मागच्या बाजूला आमचा श्रवण तपासणीचा विभाग होता. विभाग कसला, दोन खोल्या आणि एक पॅसेज. त्यातली आतली खोली म्हणजे मॅडमचं राज्य. भिंतींना जाड गादीसारखं आवरण, दाराला रबराची कड. बाहेर कंटेनर जात असोत की कंपनीचा भोंगा वाजत असो, आत काही यायचं नाही. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवायच्या, कानात बारीक नळी ठेवायची, तिच्यातून टकटक असा आवाज सोडायचा आणि बाळाचा मेंदू त्याला काय उत्तर देतो ते पडद्यावर बघायचं. या तपासणीला आम्ही 'बेरा' म्हणतो. रेघेवर लाटा उमटल्या की कानापासून मेंदूपर्यंतचा रस्ता चालू आहे असं समजायचं. नाही उमटल्या, तर मग बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांशी बोलायची वेळ येते. ते बोलायचं काम मॅडमचं. जगातल्या कुणालाही ते काम द्यावं, पण या बाईला देऊ नये, असं माझं पहिल्या आठवड्यातच मत झालं.

ठेंगणा, रुंद बांधा. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात रबरी तळव्याचे बूट, चालताना आवाज होऊ नये म्हणून. हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, गळ्यात काही नाही. दुपारी भाकरी आणि ठेचा उभ्यानेच, खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून खायच्या. मावळातलं जुनं घराणं. जमीन एमआयडीसीत गेलेली, भाऊ मोठमोठ्या गाड्यांतून फिरणारे. त्या भावांशी बोलणं बंद होतं. कशावरून, ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मॅडमना भांडायला कारण लागतं असं आम्हाला कधी वाटलंही नाही.

माणसाला नाव असतं हे त्यांना मान्य नव्हतं. जो जिथून आला ते त्याचं नाव. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठली तू?"

"संत तुकाराम नगर. बाबा इथंच गाड्यांच्या कारखान्यात होते."

"हं. कॉलनी. बांगड्या काढ, कॉलनी. आणि ते पैंजणही. लग्नाला आलीयस का?"

तेव्हापासून मी कॉलनी. पेशंटचंही तसंच. "ए निगडी, दूध पाजून झालं का?" "भोसरी, बाळाला खाली ठेव, खांद्यावर टाकून हलवू नको." एकदा एका बाईने, "मॅडम, माझं नाव स्वप्नाली आहे," असं म्हणून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "असू दे."

शिकवायच्या मात्र जीव तोडून. म्हणजे शिकवायच्या असं नाही, माझ्या अंगावर फेकायच्या. एकदा चार-पाच दिवसांच्या बाळाची रेघ बघत मी म्हटलं, "मॅडम, लाट उशिरा येतेय आणि पसरट आहे. काही गडबड आहे का?"

"चाकण चौकातून संध्याकाळी कधी गेलीयस का?"

"हो."

"किती वेळ लागतो?"

"विचारू नका."

"मग? आत्ता जन्मलेल्या पोराचा रस्ता म्हणजे चाकण चौक. आवाज कानातनं वेळेवर निघतो, पण वर पोचायला उशीर. जसजसा महिना जातो तसतसं नसांवर वेष्टण चढतं, रस्ता मोकळा होतो, लाट लवकर यायला लागते, टोकदार व्हायला लागते. कान तयार होऊनच पोर जन्मतं. ऐकणं जन्मत नाही. ते नंतर वाढवावं लागतं, बाळशासारखं."

"आणि आवाज पोचलाच नाही तर?"

यावर त्या माझ्याकडे वळल्या. चिडल्या की त्यांच्या बोलण्यात गावाकडची भाषा वर यायची. "तर रस्ता मोडतो. मेंदू घरमालक हाय, घरमालक. खोली रिकामी ठेवत न्हाई. कानाचं सामान वेळेत आलं न्हाई, की तीच खोली डोळ्याला भाड्यानं देऊन टाकतो. मग चार वर्षांनी तू सोन्याचं मशीन आणून लाव. राहायला जागा कुठाय?"

मला हे पटलं, आणि इतकं पक्कं पटलं की आजही नव्या आईबापांना मी हेच सांगते, फक्त आवाज खाली घेऊन. पण त्याच दुपारी या बाईचा दुसरा नमुनाही मी पाहिला.

चाकणहून एक कुटुंब आलं होतं. सात-आठ महिन्यांची मुलगी, तिची आई आणि आजी. रेघ सपाट होती. मॅडमनी ते सांगितलं तशी आजी हसली. "छे हो! आमी घरी ताट वाजवून बघतो की. दचकती चांगली."

"आजी, ताट वाजवून कान कळले असते तर मी बोहारणीचा धंदा केला असता," मॅडम म्हणाल्या आणि खरोखरच पॅसेजमधून एक स्टीलचं ताट घेऊन आल्या. मुलीला आईच्या मांडीवर बसवलं, आईला हलू नको म्हणून दरडावलं आणि मुलीच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असं, ताट दणदण वाजवलं. मुलगी आईच्या ओढणीचं टोक चघळत बसली होती, ती तशीच बसून राहिली. मग तिला पाळण्यात ठेवलं आणि तेच ताट पाळण्याच्या लाकडावर आपटलं. मुलगी दचकली आणि रडायला लागली.

"हे कान न्हाईत, आजी. ही पाठ हाय. पोरगी पाठीनं ऐकतीय."

आजीने पदर तोंडाला लावला. आईच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर मॅडम म्हणाल्या, "रडून झालं की आत या. पण लवकर आवरा. पोरीच्या डोक्यातला घरमालक तुमचं रडणं संपायची वाट बघत थांबणार नाही."

त्या मुलीला वेळेत मशीन बसलं, पुढे शस्त्रक्रियाही झाली. आज ती शाळेत जाते. हे मी सांगते कारण ते खरं आहे. पण ताट घेऊन येताना मॅडमच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी विसरलेले नाही. त्यांना जिंकायचं होतं. एका म्हातारीशी.

मॅडमचं खरं वैर होतं ते डॉक्टर नाडगौडांशी. नाडगौडा आमच्या हॉस्पिटलचे बालरोगतज्ज्ञ. आर्जवी बोलणं, गालांना खळ्या, खिशात बाळांसाठी खुळखुळा. त्यांच्या दाराशी गर्दी असायची. "मुलगा बोलत नाही" म्हणून कुणी आलं की ते बापाच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "तुम्ही स्वतः कधी बोलायला लागलात, आईला विचारलंय का? मुलगे उशिराच बोलतात हो. थोडं थांबा." लोक हसत बाहेर पडायचे. आणि त्यातले काही दोन-तीन वर्षांनी आमच्या बाकावर येऊन बसायचे, तेव्हा हसत नसायचे.

असाच एक बाप आला होता. चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात कामाला, त्यामुळे स्वतःलाही जरा कमी ऐकू यायचं. त्याच्याबरोबर चार वर्षांची मुलगी, दोन वेण्या घातलेली, हसरी, एक शब्द न बोलणारी. तपासणीत काही उमटलं नाही. मॅडमनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"डॉक्टर म्हणाले थांबा."

"आणि तुम्ही थांबलात?"

"मोठे डॉक्टर हायेत ते, मॅडम."

मॅडमनी त्या माणसाला पॅसेजमध्ये, सगळ्यांसमोर, असं काही झापलं की आसपासची माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली. तो नीट ऐकू यावं म्हणून कान पुढे करून शिव्या ऐकत होता. मला त्याचं ते कान पुढे करणं बघवेना. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत हसत होती.

मग मॅडम तडक कॅन्टीनमध्ये गेल्या. नाडगौडा इडली खात होते, बरोबर आणखी काही डॉक्टर. मी मागोमाग गेले होते, कारण आज काहीतरी फुटणार हे उघड होतं.

"डॉक्टर, तुमचं 'थांबा' आलंय माझ्याकडं. चार वर्षांचं. वेण्या घालून."

"मॅडम, बसा ना," नाडगौडा म्हणाले.

"तुमच्या जिभेवर साखर हाय म्हणून पोरं मुकी व्हायला लागलीत. एकदा येऊन त्या पोरीच्या बापाला तोंड दाखवा."

नाडगौडांनी चमचा खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "तुम्हाला थोडी विश्रांतीची गरज आहे." टेबलाशी बसलेले सगळे हसले. मॅडमचा चेहरा काळाठिक्कर पडला. मुद्दा त्यांचाच बरोबर होता, आणि तरी तिथे बसलेल्या एकाही माणसाला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली नाही. मलाही नाही. मी त्यांच्या मागे उभी होते, एवढंच.

त्या दिवसानंतर त्यांची घाई वाढली. पूर्वी शंका असली तर त्या पुन्हा तपासायच्या, चकत्या काढून परत लावायच्या, बाळ नीट झोपेपर्यंत दम धरायच्या. आता रेघ सपाट दिसली की निकाल. 'थांबा' हा शब्द त्यांच्या खोलीत कुणी उच्चारायचा नाही. "थांबायचं असेल तर पलीकडं जा, खुळखुळा मिळेल," असं त्या आईबापांना सरळ म्हणायच्या.

अशातच तळेगावहून कोमल आली.

कोमल वयाने माझ्याहून लहान असेल. नवरा चाकणला कंपनीत, त्या दिवशी पहिल्या शिफ्टला गेलेला. म्हणून ती सासूला घेऊन आली होती. बाळाचं नाव शौर्य. तो दिवस भरायच्या बराच आधी जन्मलेला, पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत ठेवलेला, मध्ये कावीळही होऊन गेलेली. आता अडीच-तीन महिन्यांचा होता, पण दिसायला जेमतेम महिन्याचा. कोमल त्याच्याशी सारखी बोलत होती. चकत्या चिकटवताना, नळी घालताना, "झालं हं, माझ्या राजा, झालं, ताई काय करत न्हाई तुला," असं तिचं अखंड चाललेलं. मॅडमनी तिला हाताने थांबवलं.

आतल्या कानाची साधी चाचणी चांगली आली. म्हणजे कान आपलं काम करत होता. पण बेराची रेघ सपाट. आवाज वाढवत नेला, तरी सपाट.

मी मॅडमच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मॅडम, हा वेळेआधीचा आहे. कावीळ झालेली आहे. कान ठीक आहे. कदाचित रस्ताच अजून तयार झाला नसेल. काही आठवड्यांनी परत करू या ना. तोवर नक्की असं काही सांगायला नको."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "आणखी एक नाडगौडा तयार होतोय इथं. कॉलनी, बाहेर जा."

"मॅडम, तुम्हीच म्हणता, ऐकणं नंतर वाढतं..."

"बाहेर जा म्हटलं ना!"

मी गेले नाही, दाराशी उभी राहिले. त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. मॅडम कोमलकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हे मूल ऐकत नाही. कानातनं मेंदूकडं जाणारी नस काम करत नाही. मशीनची तयारी ठेवायची. वेळ घालवायचा नाही." मग पाठ करून वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत आणा, पुन्हा बघू."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं, मी ते ऐकलं, पुढे चौकशीत मी तसं सांगितलंही. पण कोमलने ऐकलं नाही. पहिलं वाक्य कानावर पडल्यावर त्या बाईला पुढचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिची मान हलत होती, एवढंच. सासूने विचारलं, "अजिबात न्हाई का ओ?" आणि मॅडम म्हणाल्या, "सांगितलं ना!"

तीन महिने झाले. कोमल आली नाही. मी फोन केला तर तो बंद लागला. नंतर कळलं, मूल ऐकत नाही म्हणून सासरच्यांनी तिला काही महिने माहेरी पाठवलं होतं.

ती आली ते शौर्य वर्षाच्या आसपास असताना. या वेळी नवराही बरोबर होता, कंपनीच्या गणवेशातच. शौर्य आता अंगाने भरला होता, धरून उभा राहत होता. बाकावर बसलेली कोमल मला म्हणाली, "ताई, मी शिंकले आणि हा हसला. माझ्याकडं पाठ होती त्याची. मी मुद्दाम परत शिंकले. परत हसला." एवढं सांगून ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.

तपासणी मॅडमनीच केली. मी शेजारी होते. शौर्यला झोपवायला वेळ लागला. मग आवाज सोडला आणि पडद्यावर लाट उमटली. किंचित उशिरा येणारी, पण स्वच्छ. मॅडमनी आवाज कमी केला. तरी उमटली. आणखी कमी केला. अगदी कुजबुजीएवढ्या आवाजालाही त्या लेकराचा मेंदू उत्तर देत होता.

मॅडमनी आवाज बंद केला. मग म्हणाल्या, "ऐकतोय."

"केव्हापासनं?" कोमलने विचारलं.

"ते सांगता येणार नाही. रस्ता कच्चा होता, नंतर तयार झाला. वेळेआधीच्या मुलांत होतं असं."

"होतं असं?" कोमल उभी राहिली. आवाज चढला नव्हता तिचा. "मॅडम, तुमी म्हणालात ऐकत न्हाई. म्हणून मी बोलायचंच सोडलं. अंघोळ घालताना न्हाई, पाजताना न्हाई. सासूबाई म्हणायच्या, कशाला तोंड शिणवती. घरात सगळी नुसत्या खुणा करायची त्याला. माझं पोरगं ऐकत होतं ओ सगळं, आन् आमी त्याच्यासमोर मुक्यावानी वागत होतो. 'आई' म्हणायचं कुठनं शिकणार होता तो?"

मला वाटलं, आता तरी. एक शब्द. कुठलाही.

मॅडम म्हणाल्या, "बोलू नका असं मी सांगितलं होतं का?"

कोमलच्या नवऱ्याने तिला धरलं, नाहीतर तिने मॅडमच्या तोंडात मारली असती. मारायला हवी होती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

तक्रार झाली. संचालकांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. मॅडम ताठ बसल्या होत्या. "चाचणी खोटी नव्हती," त्यांनी सांगितलं. "त्या दिवशी लाट नव्हती. नव्हती ते मी नाही म्हटलं."

नाडगौडाही तिथे होते. ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "मॅडम, चूक कुणाचीही होते. थोडं थांबायला हवं होतं, एवढंच."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान खाली घालून पदराची घडी सारखी केली. त्यांना मान खाली घालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण समोर नाडगौडांच्या गालांना खळ्या पडल्या होत्या. त्या दोन वेण्यांच्या मुलीबद्दल या माणसाला कुणी केबिनमध्ये बोलावलं नव्हतं.

कोमलची माफी मागा, प्रकरण मिटवू, असं संचालक म्हणाले. मॅडम उठल्या, विभागात येऊन ड्रॉवरमधला आपला डबा पिशवीत घातला आणि गेल्या. माफी मागितली नाही. निरोप घेतला नाही. माझ्याकडे आतल्या खोलीची किल्ली फेकली आणि म्हणाल्या, "रबराची कड सुटायला आलीय. बदलून घे." नोकरी सोडल्याचं आम्हाला दोन दिवसांनी ऑफिसातून कळलं.

नंतरचे काही महिने मी कोमलला अधूनमधून फोन करत असे. मुलाचं बोलणं मागे पडलंय, त्याच्यासाठी आमच्याकडे येत जा, असं सांगायची. ती म्हणायची, त्या हॉस्पिटलची पायरी चढणार नाही. मी समजू शकत होते. मग एका फोनला ती म्हणाली, "गरज न्हाई ताई. त्या येतात ना."

"कोण?"

"तुमच्या मॅडम. दर मंगळवारी. दोन महिने झाले असतील."

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "कशाला येतात?"

"मला शिव्या द्यायला."

"आणि तुम्ही दार उघडता?"

"पहिले दोन-तीन येळा न्हाई उघडलं. जाळीच्या भायेरच उभ्या राहिल्या आन् तिथनंच त्याच्याशी बोलत सुटल्या. गल्लीतली बायामाणसं जमली बघायला. आता उघडते." मग म्हणाली, "पोरगं बोबडं बोलायला लागलंय ताई. उघडावं लागतं."

एका मंगळवारी रजा काढून मी तळेगावला गेले. जुन्या गावातली अरुंद गल्ली, तळमजल्यावरचं घर, दाराला लोखंडी जाळी. मॅडमची स्कूटर बाहेर उभी होती. आत मॅडम फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. साडी तशीच कडक, केस बरेच पांढरे झालेले. समोर शौर्य, आणि दोघांच्या मध्ये वाटी, चमचा, एक बटाटा. कोमल ओट्याशी उभी होती.

मला बघून मॅडमनी ओळख दाखवली नाही. त्यांचं कोमलशी चाललं होतं. "'हे काय आहे, हे काय आहे' असं त्याला विचारत बसू नको. परीक्षा घेतीस का पोराची? तू सांग. वाटी. वाटीत भात. भात गरम. तू बोल, तो उचलंल."

"मला शिकवू नका," कोमल म्हणाली. "तुमच्यापायीच शिकायची येळ आलीय."

"आलीय ना? मग शीक."

कोमलने हातातलं भांडं मुद्दाम जोरात आपटलं. मॅडमनी लगेच शौर्यला विचारलं, "काय वाजलं?" त्याने ओट्याकडे बोट दाखवलं. "भांडं. भांडं पडलं. आईनं आपटलं. आईला राग आला," मॅडम त्याला सांगत होत्या, एकेक शब्द सुटा करून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. कोमल तिकडून जळजळीत बघत होती. असाच तासभर गेला असेल. त्या वेळात या दोघी बायका एकमेकींशी एकही बरा शब्द बोलल्या नाहीत आणि त्या मुलाच्या कानावर मात्र शब्दांचा नुसता धबधबा पडत होता.

शेवटी कोमल पदराला हात पुसत पुढे आली. "झालं ना? जा आता." तिच्या सुरावरून कळत होतं, दर मंगळवार याच वाक्यावर संपत असणार.

मॅडम गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागल्या. तेवढ्यात शौर्यने चमचा त्यांच्या दिशेने उगारला आणि म्हणाला, "जा."

कोमलचा हात तोंडाशी गेला. मॅडम अर्ध्या उठलेल्या परत खाली बसल्या. "परत म्हण."

"जा!"

"'ज' आहे," मॅडम कोमलकडे बघून म्हणाल्या. "'द' नाही. स्वच्छ 'ज' आहे."

"व्हय," कोमल म्हणाली.

दोघी त्या पोराकडे बघत होत्या. एकमेकींकडे नाही. मग मॅडमनी पिशवी उचलली, बूट चढवले आणि मी जाळीशी उभी होते तर म्हणाल्या, "वाट सोड, कॉलनी." मी वाट सोडली. त्यांनी हेल्मेट घातलं, स्कूटर चालू केली. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो आडवा उभा होता, ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवत बसलेला. मॅडमनी स्कूटर थांबवली आणि काच वर करून त्याच्याशी भांडायला सुरुवात केली. काय म्हणत होत्या ते इकडे ऐकू येत नव्हतं, नुसता हात दिसत होता.

इकडे शौर्य जाळीला धरून उभा होता आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता, "जा! जा! जा!"

कोमल त्याला थांबवत नव्हती.